होल्मगेटचा होकार

९ एप्रिल, शनिवार

हॅरिएटच्या प्रचारात आज नाव घातलं एकदाचं. ही हॅरिएट स्टॅमफर्डची, निवृत्त वकील. जूनमध्ये सार्वमत आहे, ब्रिटनने युरोपीय संघात राहावं की बाहेर पडावं, आणि आमच्या भागात 'राहा' म्हणणाऱ्यांची मोट बांधायला ती आलीय. माझा नवरा नेव्हिल म्हणाला, "तुला तर मतच नाही, टीना." म्हटलं, म्हणूनच. मत नसलं तरी तोंड आहे ना मला.

तीस वर्षं झाली या गावात येऊन. लग्न इथे, मुलं इथे, सासूला शेवटी भरवलं ते मीच. माझं टिनेके हे नाव कुणाच्या जिभेवर बसेना म्हणून टीना झाले, त्याचंही मला काही वाटलं नाही. आणि आता म्हणे आयर्लंडच्या माणसाला मत आहे, माल्टाच्या माणसाला आहे, हॉलंडच्या बाईला नाही. 'बाहेर' निघालं तर माझं इथलं राहणं कुणाच्या तरी मर्जीवर जाईल. पण खरं सांगायचं तर मला कायद्याची एवढी धास्ती नाही. होल्मगेटने 'ही आमची आहे' असं म्हणायला हवंय मला. एवढंच हवंय.

हॅरिएटने पद्धत समजावली. दारावर जायचं, विचारायचं, कागदावर तीनपैकी एक खूण करायची: आपला, त्यांचा, तळ्यात-मळ्यात. आणि जो 'बघू', 'अजून ठरवलं नाही' म्हणेल, तो सरळ त्यांचा धरायचा. मला हसू आलं. ती शहरातली, तिला आमची माणसं काय कळणार. इथला माणूस 'बघू' म्हणाला की त्याला खरंच बघायचं असतं.

तिने विचारलं, घरच्यांचं काय? म्हटलं, नेव्हिलचं नाव सगळ्यात आधी लिहिलंय.

२४ एप्रिल, रविवार

सुरुवात शेजारून केली, एडना डोबनीपासून. एडना शहाऐंशीची, पाय सुजलेले, पण जीभ शाबूत. मला अजूनही 'बदके' म्हणते. इकडे लाडाने तसंच म्हणतात. आधी बेदाण्यांचा पाव, वर बोटभर लोणी, मग बोलणं.

ती तर मतदानालाच जाणार नव्हती. म्हणाली, "कशाला जायचं, बदके? इथे गाढवाला निळी फीत बांधून उभं केलं तरी तेच निवडून येतं. आमचे हे गेल्यापासून मी त्या केंद्राचं तोंड पाहिलं नाही."

खरंच आहे ते. तो निळ्या रंगाचा एकच पक्ष पिढ्यान्‌पिढ्या निवडून येतो. बाकीच्यांची मतं पाण्यात, आणि त्याच्या बाजूची मतंसुद्धा असून नसून सारखी. इथल्या लोकांना मत हे वाफ सोडायचं झाकण वाटतं. मी तिला समजावून सांगितलं की या वेळी तसं नाही, मतदारसंघ वगैरे काही नाही, सगळ्या देशाची बेरीज एकत्र होणार.

"म्हणजे माझंसुद्धा धरणार?"

"तुमचंसुद्धा."

बाई एकदम ताठ बसली. मला नेशील का म्हणाली. नेईन म्हटलं, गाडीतून, दारापासून दारापर्यंत. मग माझा हात थोपटून म्हणाली, "तू कशाची काळजी करतेस? तुला कोण हात लावतंय."

आपला, अशी खूण केली. नेव्हिलला सांगितलं तर तो बराच वेळ बूट घासत बसला. मग म्हणाला, म्हातारीला कशाला दगदग. मी म्हटलं, तू माणसांना फार नाजूक समजतोस.

८ मे, रविवार

आमच्या शेतात ट्यूलिपची डोकी छाटणं चालू आहे. फूल उडवलं की सगळं बळ खालच्या कंदात, आमच्या भाषेत कांद्यात, उतरतं. लिथुआनियाची सहाजणं आली आहेत कामाला, तीच ती, दर वर्षीची. नेव्हिलचं त्यांच्याशी चांगलं जमतं. मी दुपारी त्यांना वाटाण्याचं सूप करून नेलं.

'राहा' असं लिहिलेला फलक दर्शनी खिडकीत लावला होता. संध्याकाळी पाहते तर तो मागच्या खिडकीत, शेताकडे तोंड करून. नेव्हिल म्हणाला, पुढच्या काचेची पुट्टी निघालीय, भरायची आहे, तोवर तिथे काही नको. सहा वर्षं मागे लागले होते त्या काचेच्या, आणि आता सुचलं याला! पण करतोय तर करू दे. ट्यूलिपच्या देठांना वाचायला मिळेल तेवढंच.

२१ मे, शनिवार

निम्म्याहून अधिक गाव झालं. माझं वजन वाढलंय. प्रत्येक दारात चहा, प्रत्येक चहाबरोबर काहीतरी. एकाने तर रताळ्याची रोपं दिली. दार आपटलेलं एकही नाही. हॅरिएटच्या दुसऱ्या एका बाईवर शेजारच्या, इंग्लंडातल्याच बोस्टनमध्ये कुणीतरी कुत्रं सोडलं म्हणे. तिला म्हटलं, होल्मगेटला ये, कुत्रीसुद्धा चहा विचारतील.

खाटीक स्नीथ मला वाटलं होतं तिकडचा निघेल. नेव्हिलबरोबर मंगळवारी गुत्त्यात डार्ट्सचे बाण फेकायला जातो, तिथे काय काय बोलतात देव जाणे. सरळ विचारलं. मी डच, मला आडून बोलता येत नाही. त्याने सॉसेज बांधता बांधता वर पाहिलं, मग खाली पाहिलं, मग पुड्यात दोन जास्तीचे टाकले.

"तुझ्यासारखीला कोण घालवतंय, टीना?"

म्हणजे आपला ना, विचारलं. तो म्हणाला, "तू घोर लावून घेऊ नकोस." आणि पैसे घेईना. आपला.

हॅरिएटला कागद दाखवले. ती चष्मा काढून म्हणाली, "हे फार छान आहे. इतकं छान या जिल्ह्यात असू शकत नाही. कुणी एकाने तरी स्पष्ट 'हो, राहायचंय' असं म्हटलं का?" मला राग आला. आमच्याकडे 'हो' म्हणायची हीच रीत आहे, म्हटलं. तिने कागद घेतले, आभार मानले. तिचे आभार मला आवडले नाहीत.

१२ जून, रविवार

राणीच्या नव्वदीचं जेवण, सगळं गाव एका रस्त्यावर. टेबलं, पताका, आणि मधूनमधून पावसाची सर. मी डच पॅनकेक केले, चिमुकले, वर पिठीसाखर. आधी सगळे ताटलीला बुरशी लागल्यासारखे लांबून बघत होते, मग पोरांनी फडशा पाडला.

राजकारणाचा शब्द कुणी काढला नाही. इथे जेवताना काढत नाहीत. फक्त पुरुषांच्या टेबलाशी चहाची किटली घेऊन गेले तेव्हा काहीतरी रंगात आलं होतं, ते मी पोचताच थांबलं, आणि सगळे नेव्हिलकडे बघायला लागले. नेव्हिल कप बघत होता. मी म्हटलं, काय रे, माझ्या पॅनकेकची निंदा चाललीय का. सगळे फारच मोठ्याने हसले. स्नीथने उठून मला खुर्ची दिली.

घरी येताना वाटलं, ही माणसं मला सोडणार नाहीत. इतकी आपली वाटली मला आज की रडूच आलं. नेव्हिलला सांगितलं तर त्याने हात धरला आणि घरापर्यंत सोडला नाही. असं तो कधी करत नाही.

१७ जून, शुक्रवार

काल यॉर्कशरमध्ये 'राहा'च्या बाजूच्या एका तरुण खासदारबाईंना भर रस्त्यात मारून टाकलं. दोन लहान मुलं मागे. सगळीकडचा प्रचार थांबवला आहे.

नेव्हिल शेतातून मधेच घरी आला, मातीच्या बुटांनी थेट स्वयंपाकघरात. आता जाऊ नकोस कुणाच्या दारात, म्हणाला. मी म्हटलं, इथे कोण मला मारतंय. तो बसला, उठला, पुन्हा बसला.

"टीना, मला तुला एक..."

"काय?"

तो पुन्हा उठला. मग म्हणाला, चहा ठेवतो. बिचारा. एवढी काळजी करतो आणि दोन शब्द धड सांगता येत नाहीत. प्रेम बोलून दाखवायचं म्हटलं की या लोकांच्या घशात काटा अडकतो.

२३ जून, गुरुवार

मतदान. पाय तुटायला आलेत, पण मन भरलंय.

गावाच्या सभागृहात केंद्र. नेव्हिल सकाळी सातला एकटाच जाऊन आला, मी कपडे करेपर्यंत परतसुद्धा. थांबला असतास तर बरोबर गेलो असतो, म्हटलं. कांद्यांवर औषध मारायचं होतं म्हणाला.

दिवसभर मी गाडी हाकत होते. ज्यांना चालवत नाही, ज्यांची बस नाही, ज्यांना कुणी नाही, अशा सगळ्यांना घेऊन गेले आणि परत सोडलं. कुणी जायला टाळाटाळ केली तर दारात उभी राहिले. एकाला बायकोच्या चपला घालून आणलं, त्याच्या सापडेनात म्हणून. एडना टोपी घालून तयार होती, लग्नाला निघाल्यासारखी. आत जाऊन आली तेव्हा गाल लाल झाले होते. गाडीत बसल्यावर म्हणाली, "पेन्सिल होती तिथे, बदके. मी माझं पेन नेलं होतं. पेन्सिलीचं पुसतात म्हणे."

मी बाहेर, दरवाजापासून लांब उभी राहायचे. आत जायचा मला हक्क नाही. पण माझ्या वाट्याचं मत मी आज गाडी भरभरून नेलं, असं वाटत होतं. केंद्रातला माणूस म्हणाला, होल्मगेटमध्ये एवढं मतदान त्याने जन्मात पाहिलं नाही. आणि त्यातले कितीतरी जण मी नेलेले.

२४ जून, शुक्रवार

पाचला जाग आली, रेडिओ लावला. बाहेर.

देश थोडक्यात गेला. आमचा जिल्हा थोडक्यात नाही, चारातले तीन तिकडे.

नेव्हिल आधीच उठून शेतात गेला होता. मी गाऊनवरच स्वयंपाकघरात बसून राहिले. चारातले तीन! म्हणजे मी कागदावर 'आपला' लिहिलं त्यातलेच. कोण? मी डोळ्यांसमोर एकेक दार आणत होते आणि प्रत्येक दारात कुणीतरी मला साखर किती विचारत होतं.

आठ वाजता फोन वाजला. एडना. आवाज पोरीसारखा झालेला.

"जिंकलो गं बदके! आयुष्यात पहिल्यांदा मी खूण केली ते झालं. तू नेलंस म्हणून. बाकी कुणाच्या लक्षातसुद्धा नव्हतं मी जिवंत आहे ते."

ती पुढे म्हणाली, संध्याकाळी ये, पाव भाजलाय. तिला खरंच काही कळलेलं नाही. तिच्या मनात या मताचा आणि माझा काही संबंधच नाही. मी टीना आहे, शेजारची.

मी फोन ठेवला आणि ओरडले. शेतापर्यंत गेलं असणार. नेव्हिल आला नाही.

२७ जून, सोमवार

तीन दिवस घराबाहेर पडले नव्हते. आज पडले, ते भांडायला. स्नीथच्या दुकानात कुणी नव्हतं ते बघून आत गेले. म्हटलं, तू माझ्या तोंडावर खोटं बोललास.

तो रागावला नाही. सुरी पुसून ठेवली. "मी कधी म्हटलं राहायला मत देतो म्हणून? आठवून बघ. घोर करू नकोस म्हटलं. ते आजही म्हणतो."

आठवून पाहिलं. खरं होतं. एकानेही म्हटलं नव्हतं. हॅरिएटने तेच तर विचारलं होतं.

मग का नाही सांगितलंत, म्हटलं, तीन महिने मी वेडीसारखी दारं वाजवत होते, एकाने तरी सांगायचं. स्नीथने काउंटरच्या कडेवरून हात फिरवला. त्याला ते बोलणं जड जात होतं, ते दिसत होतं.

"आम्हाला वाटलं तुला ठाऊक असेल. नेव्हने मार्चमध्येच गुत्त्यात सांगितलं होतं, तो बाहेर पडायला मत देणार म्हणून. मग तू कागद घेऊन फिरायला लागलीस तेव्हा कळलं की घरी बोललेला नाही. नवरा-बायकोच्या मधे आम्ही कसं बोलायचं, टीना? वाईट वाटायचं तुला दारात बघून. म्हणून चहा तरी द्यायचो."

त्याने सॉसेज बांधायला घेतले तेव्हा मी बाहेर पडले.

म्हणजे सगळ्या गावाला ठाऊक होतं. प्रत्येक दारात मी 'तुमचं काय' असं विचारत होते आणि प्रत्येक माणूस मनात म्हणत होता, अगं बाई, आधी घरी विचार. तो पाव, ती रोपं, ते हात थोपटणं. मी ज्याला होकार समजले ती दया होती.

नेव्हिल कांद्यांच्या गोदामात होता, ट्रे उतरवत. मी दारातच विचारलं. विचारायला मला कधी जड गेलं नाही, फक्त त्यालाच विचारलं नव्हतं. तो ट्रे हातात धरून उभा राहिला. हो, म्हणाला.

खूप बोलला त्यानंतर, त्याच्या मानाने. दुकानवाल्या मोठ्या कंपन्या फुलांचा भाव पाडतात. बोस्टनमध्ये त्याच्या आईच्या गल्लीत त्याला आता कुणी ओळखत नाही. चाळीस वर्षं मतं दिली आणि एक दगड हलला नाही. आयुष्यात एकदा मोठ्याने 'नाही' म्हणावंसं वाटलं, आणि खरोखर होईल असं तर कुणालाच वाटलं नव्हतं. मी म्हटलं, तुझी फुलं कोण तोडतं? तो म्हणाला, ते वेगळं. मी म्हटलं, मी कोण आहे?

"तू तू आहेस. मी तुला त्यांच्यात धरतच नाही."

"मग तीन महिने मला फिरू का दिलंस?"

त्याने ट्रे खाली ठेवला. "तू इतकी खुशीत होतीस," म्हणाला. "रोज येऊन सांगायचीस कोण काय म्हणालं. मला तो आनंद मोडवेना." आणि मग, अगदी हळू, आरोप म्हणून नव्हे: "तू गावातल्या प्रत्येकाला विचारलंस, टीना. मला नाही विचारलंस."

विचारलं असतं तर सांगितलं असतंस? तो म्हणाला, हो. मला वाटतं त्यालाही ते ठाऊक नाही.

१४ ऑगस्ट, रविवार

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही वाईटसुद्धा झालेलं नाही, हीच अडचण आहे. सगळे पूर्वीपेक्षा चांगले वागतात. लोक केक आणतात. प्रार्थनेनंतर बायका माझ्याशेजारी जागा धरतात. इथलं नागरिकत्व घेऊन टाक, म्हणतात, तू तर केव्हाची आमच्यातलीच आहेस. घ्यायचं तर परीक्षा द्यावी लागेल, ब्रिटनमधलं जगणं यावर. सगळ्यांना ते फार गमतीचं वाटतं. मलाही हसावं लागतं.

कुणी शत्रू असता तर बरं झालं असतं. भांडले असते, उठून गेले असते. पण कुठे? हॉलंडला बहिणीकडे दोन आठवडे राहून आले. ती म्हणाली, ये ना कायमची, वरची खोली रिकामी आहे. मुलं इथे आहेत, नातू होणार आहे नोव्हेंबरात. मी पडद्यांचं माप घेतलं त्या खोलीच्या आणि परत आले.

नेव्हिल माझ्याशी जपून वागतो. पुढच्या काचेला त्याने पुट्टी भरली. मी झोपले आहे असं वाटलं की माझ्या खांद्यावर पांघरूण ओढतो. मी त्याच्यावर चिडण्याचा प्रयत्न करते. राग येत नाही. त्याच्याबद्दल काहीच वाटत नाही, आणि त्याची मला भीती वाटते.

९ ऑक्टोबर, रविवार

सभागृहात सुगीचं जेवण. या वर्षीची सजावट मला दिली होती, पहिल्यांदाच. भोपळे, गव्हाच्या पेंढ्या, डेलिया. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी त्याच भिंतीला टेकून उभी होते जिथे जूनमध्ये मतांची पेटी होती म्हणे. एडनाने विचारलं, "बरी आहेस ना गं?" मी म्हटलं, चाललंय. ती खूश झाली.

घरी आलो. नेव्हिलने कोट काढला, खुंटीला लावला, आणि तिथेच पाठमोरा उभा राहून म्हणाला, "आपलं ठीक आहे ना, टीना? तुझं-माझं?"

उत्तर माझ्या तोंडाशी होतं. नाही, ठीक नाही. तू समोर बसलास की मला स्टेशनवर कुणा अनोळखी माणसाबरोबर बसल्यासारखं वाटतं, फक्त गाडी येणार नाही. मला इथे राहवत नाही आणि जायला कुठे जागा नाही, आणि हे असंच मरेपर्यंत चालणार. तीस वर्षं मी या घरात जे मनात आलं ते बोलले. आजही बोलायला काही अडचण नव्हती. तो विचारत होता, खरंच विचारत होता.

मी म्हटलं, "हो रे, ठीकच आहे. दमलेय जरा, एवढंच."

तो वळला. त्याचा चेहरा केवढा मोकळा झाला. काहीतरी गुणगुणत चहा ठेवायला गेला. त्याला ते खरं वाटलं.